तिथी पाहून उघडणारा किल्ला

अलिबागच्या पुळणीवर प्रथमच आलेल्या प्रवाशाला नवल वाटते ते याचे की, सकाळी जेथून घोडागाड्यांची चाके ओल्या खडकांवर खडखडत कुलाबा किल्ल्याकडे गेली, तेथेच दुपारी होड्या चाललेल्या असतात. महादरवाजावर आता किल्लेदार नाही. तथापि आत केव्हा जावे आणि केव्हा परतावे, याचा हुकूम अद्यापि चंद्राकडूनच सुटतो. किनाऱ्यावरील मंडळींचा ठोकताळा असा की, तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीस सहाच्या सुमारास भरती, अर्थात मध्यान्ही ओहोटी. परंतु अष्टमीच्या आगेमागे भांगाचे पाणी फारसे हटत नाही, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ते दूरवर ओसरते खरे, पण पहाटे किंवा सायंकाळी पाच-साडेपाचला; शहरी पाहुण्याच्या सोयीशी चंद्राने मुळीच संधान बांधलेले नाही.

शिवछत्रपतींनी १६८० साली, आयुष्याच्या अगदी अखेरीस, ज्याचे काम हाती घेतले आणि संभाजी महाराजांच्या अमदानीत जे सिद्धीस गेले, त्या या जलदुर्गाच्या तटाला हात लावून पाहावा. प्रचंड चिरे एकावर एक नुसते रचलेले आहेत, मध्ये चुन्याचा लेप नाही. त्यामुळे लाट आदळली की पाणी फटींत शिरते, तिचा आवेग आतल्या आत जिरतो आणि पाणी निमूटपणे परत फिरते. ज्या शत्रूला रोज दोनदा तोंड द्यावयाचे, त्याला थोडी वाट करून द्यावी, हे गवंड्याचे शहाणपण मला मोठ्या मुत्सद्द्याच्या तोडीचे वाटते.

माणसांना मात्र ही सवलत नव्हती. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराने बेजार झालेल्या इंग्रज आणि पोर्तुगीजांनी १७२१ साली एकत्र येऊन कुलाब्यावर मोहीम केली, ती फसली. पुढे १८४० साली आंग्र्यांचे संस्थानच इंग्रजांनी खालसा केले, आणि आज तटावर चाकांच्या गाड्यांवर बसविलेल्या ज्या दोन तोफा दिसतात, त्या विलायतेत ओतलेल्या आहेत!

राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेल्या सिद्धिविनायकाचे दर्शन घ्यावे, चहूकडे खारे पाणी असता गोडे पाणी राखणाऱ्या विहिरीत डोकावावे. पण घड्याळाकडे लक्ष असू द्यावे. तोफांपाशी रेंगाळलेल्यांना घोडागाडीवाले हाका मारू लागले, म्हणजे खडकांमधल्या खळग्यांत पाणी भरू लागलेले असते.