वास येतोय, मग कोरोना कसा?

जानेवारी 2022 मध्ये हा प्रश्न आपल्या कितीतरी घरांत विचारला गेला. घसा खवखवत होता, अंग ठणकत होते, नाक वाहत होते. पण अत्तराचा वास येत होता, सालनाची चव लागत होती, म्हणजे साधी सर्दीच! मग चाचणी नाही आणि दादीजानची खोलीही वेगळी नाही.

वास जाणे ही कोरोनाची घरगुती परीक्षा बनली होती. खरे तर सुरुवातीला हे लक्षण सरकारी यादीतही नव्हते. 9 मार्च 2020 रोजी पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले, तेव्हा विचारणा व्हायची ती परदेश प्रवासाची, तापाची, कोरड्या खोकल्याची. वास आणि चव जाणे यादीत आले ते जूनमध्ये. ओमायक्रॉन येईपर्यंत आजाराने पुन्हा रूप बदलले होते. ब्रिटनमध्ये लस घेतलेल्या रुग्णांच्या एका पाहणीत डेल्टाच्या काळात 52.7 टक्के लोकांचा वास गेला होता, ओमायक्रॉनमध्ये फक्त 16.7 टक्के लोकांचा. घसा दुखणाऱ्यांचे प्रमाण मात्र 60.8 वरून 70.5 टक्क्यांवर गेले. आपण मागच्या लाटेच्या खुणा घेऊन पुढची लाट ओळखायला बसलो होतो.

आणि काहींना तर कुठलीच खूण नव्हती. जुलै 2020 मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीतल्या 57 टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला आढळला, इमारतींमधल्या 16 टक्के लोकांना. यातल्या बहुतेकांना पत्ताही नव्हता. एका खोलीत सहा-सात माणसे राहतात तिथे 'अंतर ठेवा' हे सांगणे सोपे, पाळणे कठीण.

दुसरी लाट रमजानमध्येच कळसाला पोचली. 14 एप्रिल 2021 ला रोजे सुरू झाले आणि 6 मे रोजी देशात एका दिवसात चार लाख चौदा हजारांवर रुग्ण नोंदले गेले. या लाटेने तरुणांनाच गाठले, असे आजही म्हटले जाते. इस्पितळांत दाखल झालेल्यांच्या राष्ट्रीय नोंदी मात्र सांगतात की दोन्ही लाटांत सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्ण चाळिशीपुढचेच होते. रुग्णसंख्याच इतकी अफाट होती की तरुणांचे जनाजेही डोळ्यांत भरू लागले. खरा फरक श्वासाचा होता. पहिल्या लाटेत दाखल झालेल्यांपैकी 41.7 टक्के लोकांना धाप लागत होती, दुसऱ्या लाटेत 47.5 टक्के लोकांना.

रोजेदाराला थकवा आला तर तो रोज्याचा वाटतो. शिवाय या आजारात रक्तातला ऑक्सिजन खूप घसरला तरी माणूस शुद्धीत असतो, बोलतो, नमाजही पढतो. म्हणून बोटाला लावायचे छोटे यंत्र मोलाचे ठरले. आकडा 94 च्या खाली गेला की इफ्तारपर्यंत थांबायचे नसते. आजाऱ्याला रोजा सोडून नंतर कजा करण्याची सवलत तर कुरआननेच दिली आहे.

याच काळात शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून स्टेरॉइड आणणारेही होते. ज्याला ऑक्सिजन लागतो आहे त्याचा जीव हे औषध वाचवू शकते, सौम्य आजारात त्याचा फायदा नाही. मधुमेह असलेल्यांची साखर त्याने भडकते. म्युकरमायकोसिसने ज्यांचा डोळा किंवा जबडा गेला, त्यांत असे रुग्ण खूप होते.

लक्षणे बदलत राहिली. धोक्यात असणारी माणसे मात्र फारशी बदलली नाहीत: साठीपुढची, मधुमेहाची, रक्तदाबाची, मूत्रपिंडाच्या विकाराची. तिसऱ्या लाटेत ताप दोन-तीन दिवसांत उतरत होता, लसही बऱ्याच जणांनी घेतली होती. तरीही दगावणाऱ्यांत हीच माणसे जास्त होती. तिसरी लाट मुलांवर येणार, ही भीती मात्र खरी ठरली नाही.

2020 च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आम्ही शिक्षक घरोघर फिरलो. जुने आजार कोणते, हे विचारायचे होते. मियाँसाहेबांची शुगर सगळे घर सांगायचे. अम्मीच्या गोळ्यांचे पाकीट मसाल्याच्या डब्यांमागून निघायचे, तेही दुसऱ्यांदा विचारल्यावर. घरात कोणाला काय आजार आहे, कोणती गोळी चालू आहे, लसीचा शेवटचा डोस कधी झाला, हे एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. पहिले नाव अम्मीचे लिहा. आणि घरात कोणाचाही घसा दुखू लागला, वास येत असो वा नसो, त्याने मास्क लावावा आणि बरे होईपर्यंत त्या कागदावरच्या माणसांसोबत एका दस्तरखानावर बसू नये.