दृष्टिहीन शिक्षकांची नोंदवही

असोद्यासारख्या गावी दृष्टिहीन शिक्षकांची नेमणूक झाली, तर अध्यापन ते समर्थपणे करतील. परंतु पटावरील मुलांची माहिती पाहण्यास प्रत्येक वेळी दुसऱ्याचे डोळे मागावे लागले, तर त्यांचे स्वातंत्र्य अपुरेच राहील. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी साधने आज उपलब्ध आहेत. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली आरंभिलेले ‘एनव्हीडीए’ हे त्यांपैकी एक. ते विनामूल्य असून मराठीही वाचते.

मात्र नोंदी ठेवण्याचे प्रत्येक सॉफ्टवेअर अशा साधनाशी जुळतेच असे नाही. म्हणून निवडीपूर्वी माऊस दूर ठेवावा, पडदा बंद करावा आणि केवळ कळफलक व आवाज यांच्या आधारे एका मुलाची नोंद करावी, ती शोधावी व दुरुस्त करावी. रकान्याचे नाव ऐकू येत नसेल, तर ते सॉफ्टवेअर टाळावे. लहान पटास एक्सेलचा साधा तक्ताही पुरतो. शीर्षकांची ओळ एकदा ठरवून दिली, की एनव्हीडीए रकान्याचे नावही उच्चारते.

मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या फॉन्टमधील अक्षरे डोळ्यांना देवनागरी दिसतात. परंतु आत रोमन चिन्हे असल्यामुळे कानी निरर्थक ध्वनी पडतात. तसेच सर्व नोंदी सीएसव्ही या साध्या स्वरूपात बाहेर काढता याव्यात, म्हणजे सॉफ्टवेअर बदलले तरी श्रम वाया जाणार नाहीत.

सहकारी शिक्षकबंधुभगिनींनी त्यांच्या नोंदी स्वतः भरून देण्यापेक्षा ही परीक्षा त्यांच्यासमवेत बसून घ्यावी. खरे साहाय्य तेच होय.