बाख यांच्या शाळेची यादी

स्नेहसंमेलनाच्या समूहगानात आमच्या मुलीला का घेतले नाही, असे तीन-चार पालक यंदा विचारून गेले. त्याच आठवड्यात एका माजी विद्यार्थ्याने विद्यालयाला एक सीडी भेट दिली. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) यांचे ‘बी मायनर मास’, लंडनच्या मॉन्टेवर्डी गायकवृंदाने जॉन एलियट गार्डिनर यांच्या संचालनाखाली २०१५ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले. याच मंडळींनी हीच रचना १९८५ मध्येही ध्वनिमुद्रित केली होती. मग पुन्हा कशाला, असे आम्हालाही वाटले.

मास म्हणजे ख्रिस्ती बांधव ज्याला मिस्सा म्हणतात तो उपासनाविधी. त्यातील लॅटिन प्रार्थनांना बाख यांनी संगीत दिले. एक भाग १७२४ चा, दोन मोठे भाग १७३३ चे, बाकीची जुळणी १७४८-४९ ची, दृष्टी अधू होत असतानाची. संपूर्ण रचना त्यांनी कधी ऐकल्याचा पुरावा नाही. त्यामुळे ती कशी गायची, हे प्रत्येक नव्या संचालकाला ठरवावे लागते.

मुख्य वाद गायक किती असावेत याचा. आपल्या समूहगानात सारे एकच चाल गातात. इथे बहुतेक ठिकाणी पाच स्वरभाग आहेत. एकाने धरलेली ओळ दुसरा मागून उचलतो, तोवर पहिला पुढे निघालेला असतो. गायक पुष्कळ झाले की भव्यता येते, पण हे धागे गुंततात. १९८१ मध्ये अमेरिकेचे जोशुआ रिफ्किन यांनी मांडले की बाख एका भागाला एकच गायक घेत. तसे ध्वनिमुद्रणही त्यांनी केले. विद्वानांत मोठी खळबळ उडाली.

दोन्ही पक्ष ज्या कागदाचा आधार घेतात, तो एका शाळेचा आहे. बाख लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेत संगीतशिक्षक होते आणि तिथल्या मुलांना शहरातील चार चर्चमध्ये गावे लागे. २३ ऑगस्ट १७३० रोजी त्यांनी नगर परिषदेला लिहिले की प्रत्येक वृंदात किमान १२, शक्य तर १६ मुले हवीत. कारण? मुले आजारी पडतात, शाळेच्या वैद्याने लिहिलेली औषधे पाहा! (हजेरीची ही चिंता आम्हाला अगदी घरची वाटली.) सोबत यादी जोडली: १७ उपयोगी, २० अजून तयार नाहीत, १७ अयोग्य. रिफ्किन म्हणतात, १६ ही हाताशी असलेल्या मुलांची संख्या, एका वेळी गाणाऱ्यांची नव्हे. विरोधकांना हे पटत नाही.

आम्हाला गार्डिनर यांचा भरदार वृंद आवडला. आमच्या संगीत शिक्षिका रिफ्किन यांच्या बाजूच्या. मात्र यादीतला मधला रकाना आमच्या मनात राहिला. ‘अजून तयार नाहीत’ असा रकाना आमच्या निवडीत नव्हता. पुढील वर्षी तो असेल, आणि त्यातील मुलांचा सराव जुलैपासून घेऊ.

सीडी संगीत कक्षात ठेवली आहे. शनिवारी मधल्या सुट्टीनंतर पालकांनीही यावे. आरंभीचा ‘किरिए’ ऐकताना फक्त मोजावे: सर्वांची एक हाक, मग बराच वेळ वाद्ये, मग टेनर हा वरचा पुरुषी आवाज एकटा ओळ धरतो. त्यामागून एकेक आवाज येतो. सर्वांत खालचा, बास, शेवटी.