शिळफाट्यावर क्लच, माळशेजात गिअर

ठाण्यात, कल्याणात किंवा डोंबिवलीत कुणी जरा दमदार गाडी घ्यायची ठरवली, की पैशांच्या आधी वाद सुरू होतो तो गिअरवरून. आय20 एन लाइन असो, व्हर्टस जीटी असो की स्लाव्हिया, घरचे म्हणतात, रोज कल्याण-शीळ रस्त्यानं जायचंय, ऑटोमॅटिकच घे. मित्र म्हणतात, स्पोर्टी गाडी घेऊन ऑटोमॅटिक चालवणार? मग घेतोस कशाला! दोघंही अगदी ठाम असतात. पण या मतांतला मोठा भाग दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या गाड्यांवरून ऐकलेला असतो, आणि त्या मतांवर पंधरा-वीस लाखांचा निर्णय होतो. म्हणून एकेक समज नीट तपासून पाहू.

“खरी स्पोर्ट्स कार मॅन्युअलच, तीच वेगवान”

सगळ्यात घट्ट बसलेला समज हा, आणि वेगापुरता तरी तो चुकीचाच आहे.

1989 साली फेरारीनं फॉर्म्युला वनमध्ये 640 ही गाडी उतरवली. तिला गिअरची दांडी नव्हती. स्टिअरिंगच्या मागं दोन पट्ट्या होत्या, एक गिअर वर न्यायला, दुसरी खाली आणायला. पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलमध्ये, नायजेल मॅन्सेलनं ती जिंकून दाखवली. पुढच्या काही वर्षांत बाकीचे संघ त्याच वाटेनं गेले. आज फॉर्म्युला वनच्या गाडीत क्लचचं पेडलच नसतं. तेव्हा ‘ऑटोमॅटिक म्हणजे ज्यांना गाडी येत नाही त्यांच्यासाठी’ किंवा ‘ती बायकांची गाडी’ हे बोलणं चुकीचं आहेच, शिवाय अपमानास्पदही आहे. ते आता बंद व्हायला हवं.

रस्त्यावरच्या गाड्यांत मोठा बदल झाला तो 2003 मध्ये, फोक्सवॅगनच्या गोल्फ आर32 पासून. विक्रीसाठी बनलेल्या गाडीत दोन क्लचचा गिअरबॉक्स, म्हणजे डीसीटी, तेव्हा पहिल्यांदा आला. त्याची युक्ती साधी आहे. एका क्लचवर एक-तीन-पाच-सात, दुसऱ्यावर दोन-चार-सहा. गाडी तिसऱ्यात धावत असतानाच चौथा गिअर आत जुळून तयार असतो. एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा धरतो, आणि चाकांकडे जाणारी ताकद जवळजवळ तुटतच नाही. मॅन्युअलमध्ये क्लच दाबला की तेवढा वेळ गाडी नुसत्या गतीवर जाते. हात कितीही सराईत असला तरी तेवढा वेळ वाया जातोच.

पोर्शच्या 911 जीटी3 चे कंपनीनं दिलेले आकडे पाहा. 2021 मध्ये आलेल्या 992 पिढीच्या मॉडेलला शून्यापासून ताशी 100 किमी गाठायला पीडीके, म्हणजे पोर्शच्या डीसीटीसह, 3.4 सेकंद लागतात. मॅन्युअलसह 3.9. इंजिन तेच, फरक अर्ध्या सेकंदाचा. ट्रॅकवर अर्धा सेकंद ही फार मोठी गोष्ट असते.

पण याच गाडीच्या गोष्टीत दुसरी बाजूही आहे. 2013 च्या जीटी3 मधून पोर्शनं मॅन्युअल काढूनच टाकलं होतं, कारण पीडीके जास्त वेगवान. चाहते नाराज झाले. 2016 मध्ये कंपनीनं फक्त मॅन्युअलवर चालणारी 911 आर काढली, अवघ्या 991 गाड्या. 2017 मध्ये जीटी3 ला मॅन्युअलचा पर्याय परत मिळाला. घड्याळात हरणारा गिअरबॉक्स लोकांनी भांडून परत आणला, तो चालवण्यातल्या आनंदासाठी. माझ्या मते मॅन्युअल घ्यायला एवढं कारण पुरेसं आहे. फक्त त्याला वेगाचं नाव देऊ नये.

आपल्याकडेही असं झालं. 2021 मध्ये आलेल्या आय20 एन लाइनमध्ये डीसीटीसोबत होता तो आयएमटी. त्यात गिअर तुम्ही टाकायचा, पण क्लचचं पेडल नाही. 2023 मध्ये ह्युंदाईनं तो काढून तीन पेडलांचा साधा सहा गिअरचा मॅन्युअल दिला. उलट 2025 मध्ये भारतात आलेली गोल्फ जीटीआय आणि ऑक्टाव्हिया आरएस या दोन्ही फक्त डीएसजी या फोक्सवॅगनच्या डीसीटीमध्येच मिळतात, म्हणजे तिथं निवड तुमच्या हातात उरलेलीच नाही. बहुतेक इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारमध्ये तर बदलायला गिअरच नसतात. त्याच वर्षी आलेली एमजीची दोन आसनी सायबरस्टर हे त्याचं उदाहरण.

“ऑटोमॅटिक सगळ्या सारख्याच”

शोरूममध्ये सगळ्यात जास्त फसगत इथं होते. ‘ऑटोमॅटिक आहे ना?’ ‘हो, आहे.’ एवढ्यावर बोलणं संपतं. प्रत्यक्षात बाजारात चार अगदी वेगळी यंत्रं या एकाच नावानं विकली जातात.

एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. तीच क्लच प्लेट, तेच गिअर. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा. भारतात तो पहिल्यांदा आणला मारुतीच्या सेलेरिओनं, फेब्रुवारी 2014 मध्ये. स्वस्त, दुरुस्तीला सोपा, पण गिअर बदलताना मान किंचित पुढं-मागं होते. दमदार गाडीत तो शोभत नाही.

टॉर्क कन्व्हर्टर हा जुना, मुरलेला प्रकार. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लच प्लेटऐवजी तेल. इंजिनाकडचं चक्र तेल ढकलतं, त्या धारेनं समोरचं चक्र फिरतं. टेबलावर समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक लावला की दुसराही फिरायला लागतो, तसं. घासणारं मुख्य काही नसल्यामुळे गर्दीत तो सगळ्यात सोशिक. थारमध्ये आणि व्हर्टस-स्लाव्हियाच्या एक लिटर इंजिनासोबत हाच येतो.

सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअर नसतातच. दोन शंकूच्या आकाराच्या पुल्या, मध्ये पोलादी पट्टा. गर्दीत लोण्यासारखा, पण जोरात दाबलं की इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागून वेग घेते. आणि चौथा प्रकार वर सांगितलेला डीसीटी. त्यातही दोन जाती आहेत, कोरड्या क्लचचा आणि तेलात बुडालेल्या क्लचचा. आपल्या भागात राहणाऱ्याला हा शेवटचा फरक सगळ्यात महत्त्वाचा. का, ते आता पाहू.

“डीसीटी ट्रॅफिकमध्ये हमखास गरम होतो”

हे अर्धं खरं आहे, म्हणूनच नीट समजून घ्यायला हवं.

संध्याकाळी सातची वेळ. मानपाड्याकडून शिळफाट्याकडे गाड्यांची रांग. किंवा घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा चढ, पुढं कंटेनर, मागं टेम्पो. गाडी दोन हात पुढं जाते, थांबते, पुन्हा दोन हात. डीसीटीला या वेगात क्लच पूर्ण जोडता येत नाही, कारण पहिला गिअरही तेवढ्या हळू चालत नाही. मग तो क्लच अर्धवट धरून ठेवतो, म्हणजे आपण मॅन्युअलमध्ये हाफ क्लचवर गाडी सरकवतो तेच. कोरडा क्लच तेल नसल्यामुळे लवकर तापतो. तेलातला क्लच ती उष्णता तेलाकडे देतो, म्हणून जास्त तग धरतो.

कोरड्या क्लचच्या सात-स्पीड डीएसजीबद्दलची भीती हवेतून आलेली नाही. 2013 मध्ये फोक्सवॅगननं जगभरातल्या सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या, त्यात हा गिअरबॉक्स असलेल्या गाड्यांचा मोठा भाग होता. कंपनीनं दिलेलं कारण वाचलं तर आपल्याच हवेचं वर्णन वाटतं. उष्ण-दमट हवामान आणि सतत थांबत-थांबत चालवणं यामुळं सिंथेटिक तेल वापरलेल्या गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकतो. उपाय म्हणून ते तेल बदलून खनिज तेल भरलं गेलं. ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तिच्यावरून आजचा प्रत्येक डीसीटी बाद करणं बरोबर नाही. पण रोज शिळफाटा गाठणाऱ्यानं ‘क्लच कोरडा की तेलातला?’ हे विचारल्याशिवाय बुकिंग करू नये. सेल्समनला सांगता आलं नाही, तर सर्व्हिसवाल्याला विचारावं.

आणि चालवण्याची पद्धत बदलावी. पुढच्या गाडीनं दोन हात जागा सोडली की लगेच सरकायचं नाही. गाडीभर जागा होऊ द्यायची, मग ब्रेक सोडून नीट पुढं जायचं आणि पूर्ण ब्रेक दाबून थांबायचं. ब्रेक घट्ट दाबला की क्लच पूर्ण सुटतो आणि गार होतो. चढावर नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं हा डीसीटीचा आणि एएमटीचाही छळ आहे. मधल्या जागेत रिक्षा घुसेल, हे खरं. ती घुसू द्यावी.

दुसरीकडे, मॅन्युअल या रस्त्यावर अमर असतो असंही नाही. डोंबिवलीच्या कोपर पुलाच्या चढावर हाफ क्लचवर दहा मिनिटं गाडी धरली की क्लच जळल्याचा वास येतो तो मॅन्युअलचाच. डाव्या पायाचा गुडघा दुखतो तो वेगळाच. फरक इतकाच, की मॅन्युअलची क्लच प्लेट बदलणं डीसीटीच्या क्लचच्या कामापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

“घाटात ऑटोमॅटिक धोक्याची”

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज आणि शहापूरहून पुढं कसारा, हे इकडच्या गाडीवाल्यांचे हक्काचे घाट. उतारावर ऑटोमॅटिकला इंजिनाचा ब्रेक मिळत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. मिळतो, पण तो मागावा लागतो. नुसतं ‘डी’ मध्ये ठेवून उतरलं तर बऱ्याच गाड्या वरचा गिअर धरतात, मग ब्रेकवर ब्रेक दाबले जातात, ते तापतात आणि पकड सोडू लागतात. लिव्हर ‘एम’ किंवा ‘एस’ मध्ये घ्यावा, स्टिअरिंगवर पॅडल असतील तर डावं ओढून दुसरा-तिसरा धरावा. सीव्हीटीत ‘एल’ किंवा ‘एस’ असतं. ज्या गिअरनं घाट चढाल त्याच गिअरनं उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम दोन पेडलांच्या गाडीलाही तसाच लागू आहे.

याच घाटात खरोखर धोक्याचा समज दुसराच आहे, आणि तो बहुतेक मॅन्युअलवाल्यांचा. उतारावर न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं, हा तो समज. कार्ब्युरेटरच्या पद्मिनीच्या काळात त्यात थोडं तथ्य होतं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत उलट घडतं. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला, की इंजेक्टर इंधन बंद करतात आणि इंजिनाला चाकंच फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जळतच राहतं. म्हणजे बचत शून्य, आणि सगळं वजन ब्रेकवर. माळशेजच्या धुक्यात, ओल्या रस्त्यावर हे करणाऱ्याला शेजारी बसलेल्यानं थेट अडवावं.

मायलेजचा समजही असाच जुना. चार गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरच्या काळात ऑटोमॅटिक पेट्रोल पीत असे. 2014 च्या सेलेरिओचा अधिकृत आकडा मॅन्युअल आणि एएमटी दोन्हींसाठी लिटरला 23.1 किमी होता. आता मायलेज पायावर आणि रस्त्यावर अवलंबून असतं. वेगळ्या लायसन्सची भीतीही नको. दुचाकीत गिअरच्या आणि बिनगिअरच्या असे वर्ग आहेत, मोटारीला मात्र ठाणे असो की कल्याण, दोन्ही आरटीओत एलएमव्ही हाच वर्ग.

दोन मर्यादा मात्र खऱ्या आहेत. बॅटरी उतरली तर ऑटोमॅटिकला धक्का स्टार्ट करता येत नाही, आणि बंद पडलेली ऑटोमॅटिक, इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं जमिनीवर ठेवून, दोरीनं ओढत नेऊ नये, गिअरबॉक्स आतून खराब होतो. पावसात पाणी तुंबून गाडी अडकली तर सपाट ट्रेलरच बोलवावा. आणि सोसायटीच्या रॅम्पवर उभी करताना क्रम पाळावा. आधी ब्रेक दाबून हँडब्रेक, मग ब्रेक किंचित सोडून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्यायचं, आणि नंतर ‘पी’. उलटं केलं तर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या छोट्याशा खुंटीवर येतं. सकाळी ‘पी’ मधून काढताना खाडकन जो आवाज येतो, तो त्या खुंटीचा.

मग घ्यायचं काय? आठवड्याचे पाच-सहा दिवस घोडबंदर किंवा शीळ रस्ता आणि घरात एकच गाडी असेल, तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा तेलातल्या क्लचचा डीसीटी, असं माझं स्पष्ट मत आहे. लोकलनं ऑफिसला जाणारा आणि रविवारी पहाटे माळशेज गाठणारा असेल, तर त्यानं बिनधास्त मॅन्युअल घ्यावी. त्याचे लाखभर रुपये वाचतील, आणि वळणाआधी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना इंजिनाचा सूर स्वतः जुळवण्याचं सुख त्याला दुसरं कुठलंच यंत्र देणार नाही. समृद्धी महामार्ग जून 2025 पासून भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत आला आहे. तिथं ताशी 120 च्या मर्यादेत एकदा वरचा गिअर पडला की तासन्‌तास बदलावा लागत नाही. त्या रस्त्यासाठी म्हणून मॅन्युअल-ऑटोमॅटिकचा वाद घालण्यात अर्थ नाही.

टेस्ट ड्राइव्ह मात्र रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. शोरूमवाले तीच वेळ देतात. कामाच्या दिवशी संध्याकाळची मागा, दोन्ही प्रकारांची, एकामागोमाग एक. वीस मिनिटं रांगेत सरकवा. मग एखाद्या पुलाच्या चढावर पूर्ण थांबा, ब्रेकवरून पाय उचला आणि गाडी मागं किती घसरते, ते स्वतः बघा.