पाणपक्ष्यांची गणना: शिरगणती नव्हे, तुलना

जानेवारीत उजनीच्या फुगवट्यावर, नांदूरमध्यमेश्वरला किंवा जायकवाडीवर गळ्यात दुर्बीण अडकवलेली मंडळी दिसली की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: एवढी पाखरं एकेक करून मोजता?

एकेक नाही. शंभर-दीडशे पक्षी असतील तर सरळ मोजतात. हजारांचा थवा असेल तर आधी पन्नास पक्षी मोजून ते किती जागा व्यापतात हे डोळ्यांत बसवायचं आणि तसे पन्नासाचे किती गट होतात ते पाहायचं. मध्येच दलदल ससाणा फिरकला आणि थवा उठला, की पुन्हा पहिल्यापासून! आकडा थोडा चुकतोच, पण दर वर्षी त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजलं तर चढउतार कळतो. खरं काम तेवढंच आहे. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून चालू आहे ती याच भरवशावर. जानेवारी निवडण्यामागेही कारण आहे: स्थलांतर करून आलेले पक्षी तेव्हा बऱ्यापैकी एका जागी स्थिरावलेले असतात.

‘सगळे सैबेरियातून आलेले पाहुणे’ हाही लाडका समज. पट्टकदंब हंस आणि चक्रवाक लडाख-तिबेटकडेही वीण करतात. हळदीकुंकू बदक तर इथलंच, बाराही महिने राहणारं. त्याच्याकडे कॅमेरे फारसे वळत नाहीत, पण तक्त्यात त्याचा रकाना असतोच.

सर्वांत घातक गैरसमज मात्र वेगळा: पक्षी कमी दिसले म्हणजे पाणथळ बिघडली. वर्तमानपत्रांना हा मथळा फार आवडतो. वास्तविक पाऊस भरपूर झाला की धरण जानेवारीतही तुडुंब असतं. काठचा चिखल पाण्याखाली जातो, मग शेकाटे आणि तुतवार चरणार कुठे? बदकंही गावोगावच्या भरलेल्या तळ्यांत पांगतात. म्हणून पाण्याची पातळी न पाहता एका वर्षाच्या आकड्यावरून निकाल देणं चूक.

गणनेसाठी पक्षीतज्ज्ञ असावं लागतं असंही नाही. नवख्याला जाणकाराच्या जोडीला देतात. तो सांगेल ते आकडे लिहून घेणं हेही कामच. फक्त न ओळखलेल्या पक्ष्याला अंदाजाने नाव देऊ नये, ‘अनोळखी बदक’ लिहावं. आणि तळ्यावर एकही पक्षी नसेल तर फेरी वाया गेली म्हणून तक्ता फाडू नये. शून्य लिहून पाठवावा.