कॉफीचे दळण: स्वस्त ग्राइंडरविषयीचे गैरसमज

फिल्टर कॉफीसाठी घरगुती ग्राइंडर निवडताना मोटर किती वॉटची, जाड-बारीक करायचे टप्पे किती आणि किंमत किती, एवढेच बहुतेक वेळा पाहिले जाते. कपातली चव मात्र दळण किती एकसारखे पडते यावर ठरते, आणि ते खोक्यावर कुठेच छापलेले नसते.

भाजलेल्या बीचा वजनाने जेमतेम ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. तोही सगळा कपात उतरणे बरे नसते. १९५०च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट या रसायनतज्ज्ञाने केलेल्या अभ्यासातून १८ ते २२ टक्के हे प्रमाण पुढे आले आणि कॉफीच्या धंद्यात आजही तेच प्रमाण मानले जाते. त्याहून कमी उतरले तर कॉफी आंबट आणि पुचाट लागते, जास्त उतरले तर कडू आणि तुरट. दळणात पीठ आणि कण्या एकत्र असल्या की पिठातला कडवटपणासुद्धा चटकन पाण्यात येतो आणि कण्यांच्या गाभ्यापर्यंत पाणी पोचतच नाही. एकाच घोटात आंबट आणि कडू लागणाऱ्या कॉफीचा दोष बियांवर किंवा भाजणाऱ्यावर ढकलला जातो. पुष्कळदा तो दळणाचा असतो.

घरात मिक्सर असताना आणखी एक यंत्र कशाला, ही शंका रास्त आहे. पण मिक्सर दळत नाही, तोडतो. पाते मिनिटाला १८ ते २० हजार फेरे घेते. पात्याच्या कचाट्यात सापडलेली बी पुन्हा पुन्हा कापली जाते, वर उडालेली तशीच राहते. जास्त वेळ फिरवले की कण्या थोड्या कमी होतात आणि पीठ भरमसाट वाढते. बर ग्राइंडरची रीत वेगळी. त्यात दात्यांचे एक स्थिर कडे असते आणि त्याच्या आत दातेरी शंकू फिरतो. हे दोन भाग म्हणजे बर. दोघांमधल्या फटीतून निसटण्याइतका बारीक झाल्याशिवाय तुकडा खाली पडत नाही, म्हणजे कणाचा आकार फट ठरवते. थोडे पीठ महागड्या ग्राइंडरमध्येही पडतेच, फक्त ते आटोक्यात राहते.

म्हणून काही मिक्सर अगदीच टाकाऊ ठरत नाही. चटणीच्या जारमध्ये २० ग्रॅम बिया घेऊन दोन-दोन सेकंदांचे झटके द्यावेत, मध्ये जार हलवावा आणि शेवटी मैद्याच्या चाळणीने पीठ काढून टाकावे. फ्रेंच प्रेसपुरती भरड त्यातून मिळते. पैसे वाया जातात ते ‘कॉफी ग्राइंडर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पात्याच्या छोट्या विजेच्या यंत्रावर. ते काम घरातला मिक्सर करतच असतो.

विजेवरचा ग्राइंडर खरा आणि हाताचा म्हणजे तडजोड, ही समजूत सर्वांत महागात पडते. विजेच्या यंत्राच्या किमतीतला बराच भाग मोटर, गिअर आणि बाहेरच्या सांगाड्यावर जातो. हाताच्या ग्राइंडरमध्ये हा खर्च नसल्याने तेवढ्याच पैशांत चांगले बर आणि शंकू फिरवणारा चांगला दांडा मिळतो. टाइममोर सी२ या हाताच्या ग्राइंडरमध्ये ३८ मिलिमीटरचे पोलादी शंक्वाकृती बर आहेत. घरगुती विजेच्या ग्राइंडरमध्ये नावाजलेल्या बराट्झा एन्कोरचे बर ४० मिलिमीटरचे, किंमत मात्र बरीच जास्त. १५ ग्रॅम बिया हाताने दळायला साधारण मिनिटभर लागतो. घरात रोज सकाळी चौघांची कॉफी होत असेल तर हात भरून येतो, तिथे विजेचा घेणेच शहाणपणाचे. तेव्हाही वॉट मोजण्यात अर्थ नाही. एन्कोरचा बर मिनिटाला सुमारे ५५० फेरेच घेतो, कारण गिअर वेग कमी करून जोर वाढवतात. वॉट पाहून यंत्र घ्यायची सवय मिक्सरच्या खरेदीतून आलेली आहे.

सिरॅमिकचे बर कायम धारदार राहतात, हे अर्धेच खरे आहे. सिरॅमिक झिजते कमी, पण स्वस्त ग्राइंडरमधले त्याचे बर साच्यातून काढलेले असतात आणि पोलाद कापून केलेल्या दात्यांची धार त्यांना मुळातच नसते. बियांत एखादा खडा आला तर त्यांचा टवकाही उडतो. हलक्या भाजणीच्या कडक बिया त्यांवर दळताना दमछाक होते. पण स्वस्त ग्राइंडरची खरे दुखणे बरच्या साहित्यापेक्षा दांड्यात असते. खालचा डबा काढून आतला शंकू दोन बोटांत धरून बाजूला हलवून पाहावा. तो लटलटत असेल तर फट एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद होते. बारीक दळताना बर एकमेकांजवळ असतात, त्यामुळे शंकूला डुलायला जागा कमी मिळते आणि दोष झाकला जातो. भरड दळायला फट वाढवली की शंकू मोकळा डुलतो आणि कण्या-पीठ एकत्र पडू लागते. बारीक दळणे अवघड, जाडे सोपे, असे सर्रास धरले जाते. प्रत्यक्षात स्वस्त ग्राइंडरची परीक्षा भरडीत होते. दांड्याला वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणी बेअरिंग असलेला ग्राइंडर थोडे जास्त पैसे देऊनही घ्यावा.

‘फिल्टर’ म्हटले की एकच दळण, हाही घोटाळा आहे. व्ही६०सारख्या कागदी फिल्टरला जाड्या रव्याएवढे कण लागतात. दाक्षिणात्य पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरला बारीक रव्याच्या जवळ जाणारे दळण चालते, मात्र पीठ झाले की भोके बुजतात आणि डिकॉक्शन थेंबथेंबही उतरत नाही. शिवाय माटुंग्यासारख्या भागातली कॉफीची दुकाने बिया दळून, हवी तेवढी चिकोरी मिसळून देतात. असे दुकान जवळ असेल आणि घरात फक्त डिकॉक्शनचीच कॉफी होत असेल तर ग्राइंडर न घेता आठवड्यापुरती पूड आणत राहणे जास्त किफायतशीर. दळल्यावर सुगंध झपाट्याने उडतो, म्हणून पूड थोडीथोडीच आणावी.

टप्प्यांच्या संख्येने फारसा फरक पडत नाही. चाळीस टप्पे असले तरी फिल्टरसाठी त्यातले मोजकेच कामाला येतात, बाकीचे एस्प्रेसोपासून फ्रेंच प्रेसपर्यंत विखुरलेले असतात. दुसऱ्याच्या ग्राइंडरवरचा ‘चोविसावा खटका’ आपल्याला लागू पडत नाही, कारण दोन कंपन्यांचा खटका सारखा नसतो आणि बर एकमेकांना टेकतात ती शून्याची जागाही जुळणीप्रमाणे बदलते. त्यापेक्षा घड्याळ उपयोगी. व्ही६०मध्ये १५ ग्रॅम पुडीवर २५० मिलिलिटर पाणी साधारण तीन मिनिटांत उतरावे. दोन मिनिटांत उतरून आंबट लागले तर एक-दोन खटके बारीक करावे, चार मिनिटे लागून कडवटपणा आला तर जाडे.

दळताना बिया तापून सुगंध जातो, ही भीती दिवसभर चालणाऱ्या कॅफेच्या यंत्रांबाबत ठीक आहे. घरच्या १५-२० ग्रॅमना ती लागू नाही. पूड डब्याला चिकटते ती स्थिर विजेमुळे, ओलाव्यामुळे नव्हे. उलट दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा थेंब शिंपडून ढवळले तर चिकटणे कमी होते. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात क्रिस्टोफर हेंडन यांच्या गटाने २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याचे कारण तपासले आहे: बियांमधली ओल वाढली की घर्षणातून साठणारा विद्युतभार घटतो.

साफसफाईसाठी कच्चे तांदूळ दळायचा सल्ला सर्रास दिला जातो. तांदळाचा दाणा भाजलेल्या बीपेक्षा कडक असतो, लहान मोटर त्याने अडकू शकते. पोलादी बर पाण्याने धुतले तर गंजू शकतात. कोरडा ब्रश महिन्यातून एकदोनदा पुरतो, आणि बिया तेलकट, गडद भाजणीच्या असतील तर जरा जास्त वेळा. बर वर्षानुवर्षे टिकतात. त्याआधी मोडतात ते हँडल, वॉशर आणि प्लास्टिकचे स्क्रू, म्हणून हे भाग सुटे मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावे.