चांगला हात अडवणारा उपचार

अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यावर बहुतेक घरांत एकच चित्र दिसतं: दुबळा हात मांडीवर आणि सगळी कामं चांगल्या हातावर. अमेरिकेत बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठात आकाराला आलेला उपचार नेमका याच्या उलट जातो. रुग्णाच्या चांगल्या हातात जाड हातमोजा घालतात आणि कामाला जुंपतात तो दुबळा हात.

यामागचे संशोधक म्हणजे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब. त्यांच्या प्रयोगांत दिसलं, की माकडाच्या एका हाताची संवेदना तोडली, तर हालचालीच्या नसा शाबूत असूनही ते तो हात वापरायचं सोडून देतं. चांगला हात बांधला, की तोच संवेदना गेलेला हात पुन्हा चालू लागतो. टॉब यांचा निष्कर्ष असा, की सुरुवातीला प्रयत्न फसतात आणि न वापरण्याची सवय जडते. पुढे मेंदू सावरला तरी सवय सुटत नाही. याच प्रयोगांमुळे १९८१मध्ये त्यांच्या सिल्व्हर स्प्रिंगच्या प्रयोगशाळेवर पोलिसांचा छापा पडला. प्राण्यांच्या छळाबद्दल त्यांना झालेली शिक्षा पुढे न्यायालयात रद्द झाली, पण माकडांनी भोगलेलं वगळून या उपचाराचा इतिहास सांगता येत नाही.

मूळ पद्धत कडक आहे. दोन आठवडे, जागेपणीचा ९० टक्के वेळ हातमोजा आणि कामाच्या दिवशी सहा तासांपर्यंत सराव. टेबलावरचा ठोकळा उचलून डब्यावर ठेवायचा. थेरपिस्ट घड्याळ लावून वेळ मोजतो, जमलं की लगेच कौतुक करतो आणि डबा थोडा लांब सरकवतो. एकच हालचाल पुन्हा पुन्हा, दरवेळी किंचित अवघड. घरी गेल्यावर दाराची कडी, नळ, चमचा यांसाठीही तोच हात वापरायचा आणि त्याची नोंद ठेवायची.

२००६मध्ये २२२ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेल्या या रुग्णांपैकी ज्यांना हा उपचार मिळाला, त्यांचा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला आणि वर्षभरानंतरही ती सुधारणा टिकून होती.

हा उपचार सर्वांसाठी नाही. मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता यायला हवीत. शिवाय चांगला हात अडकलेला असताना तोल गेला, तर सावरणं कठीण. म्हणून फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याशिवाय घरी कुणाचा हात बांधू नका. पण वडील दुबळ्या हाताने चमचा उचलू पाहत असतील, तर 'राहू द्या बाबा, मी भरवतो' म्हणण्याची घाई करू नका. त्यांना वेळ द्या. त्या हाताला ताकद वापरातूनच येणार आहे.